पदार्थ एक, खानावळी तीन: गोळीबार चौक, टिमकी आणि इतवारीतील सावजी चवफेरीची आखणी

नागपूरला पाहुणा आला की त्याला एखाद्या रात्री सावजी खानावळीत नेले जाते. मटणाची प्लेट समोर येते, चार घास होत नाहीत तोच नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि ‘भयंकर तिखट’ एवढे म्हणून मंडळी पानठेल्याकडे वळतात. जन्मभर नागपुरात राहिलेल्यांचीही गत फारशी निराळी नसते, कारण प्रत्येकाची एक ठरलेली खानावळ असते आणि ती सोडून दुसरीकडे जाण्याचे त्याला कधी कारण पडत नाही. वास्तविक सावजी खानावळीचा मसाला घरचा असतो. तो कोणत्या क्रमाने भाजला, खोबरे किती काळे होऊ दिले, तिखट कोणत्या मिरचीचे घेतले, यांवर रश्श्याची जात ठरते आणि एकाच चौकातील दोन खानावळींच्या रश्श्यांतही स्पष्ट फरक सापडतो. तो फरक जिभेला ओळखता यावा म्हणून एक पूर्ण दिवस कसा आखावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

साऱ्या आखणीचा पाया एकच नियम आहे: पदार्थ एक घ्यावा आणि खानावळी तीन घ्याव्यात. एका ठिकाणी मटण, दुसरीकडे गावरान कोंबडी आणि तिसरीकडे खूर मागवले तर दिवसाअखेर पोट भरते, पण तुलना करायला हाती काही राहत नाही. मटणाचा रस्सा तासभर शिजून हाडांचा अंश घेतो, कोंबडीचा रस्सा तुलनेने लवकर उतरतो आणि खुराचा रस्सा चिकट व जड होतो, त्यामुळे तिन्हींत मसाला निरनिराळा लागणारच. तुलनेसाठी साधे मटण सर्वांत योग्य, कारण ते प्रत्येक खानावळीत रोज होते आणि त्यावरच त्या घराचा हात बसलेला असतो.

रश्श्यात काय असते, हे आधी समजून घ्यावे

सावजी स्वयंपाक हा नागपूरच्या हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाचा. भोसल्यांच्या राजवटीत नागपूर हे विणकामाचे मोठे केंद्र होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि माग चालवणारे कितीतरी हात गिरणीच्या पाळीत गेले. पुढे हातमाग मागे पडले, यंत्रमाग आले आणि घरच्या चुलीवरचा हा स्वयंपाक अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन झाला. म्हणूनच जुन्या सावजी खानावळी टिमकी, गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली अशा विणकरांच्या वस्त्यांतून दिसतात, आणि पुष्कळ ठिकाणी आजही पुढच्या खोलीत बाके आणि मागच्या खोलीत कुटुंबाचे स्वयंपाकघर अशीच रचना असते.

मसाल्याचा विचार केल्यास धणे, जिरे, शहाजिरे, लवंग, काळी मिरी, दालचिनी, तेजपान, मोठी वेलची, जायपत्री, कर्णफूल, खसखस, सुके खोबरे आणि दगडफूल ही नावे जवळजवळ प्रत्येक घरात निघतात. मसाल्यात बत्तीस जिन्नस असतात असे सांगण्याची पद्धत आहे, पण आकड्याच्या मागे न लागता भाजण्याकडे लक्ष द्यावे. जिन्नस वेगवेगळे, थोड्या तेलावर भाजावे लागतात, कारण खसखस ज्या आचेवर नुकती फुलते त्या आचेवर मोठ्या वेलचीला काहीच होत नाही. सगळे एकाच कढईत टाकले तर काही कच्चे राहते आणि काही जळते. दगडफूल हे खडकावर आणि झाडांच्या सालीवर वाढणारे शेवाळासारखे वाळके द्रव्य आहे. हातात घेतले तर त्याला फारसा वास येत नाही, पण गरम तेलात पडताच मातीचा आणि धुराचा असा मिश्र गंध सुटतो. सावजी रश्श्याचा जो वास गल्लीच्या तोंडाशीच नाकाला कळतो, त्यात मोठा वाटा या दगडफुलाचा असतो.

रश्श्याचा रंग लाल नसून काळपट तपकिरी असतो, याचे कारण भाजलेले खोबरे आणि कांदा. खोबरे गडद तपकिरी होईपर्यंत भाजले की रश्श्याला खमंगपणा येतो. त्याच्या पुढे ते आचेवर राहिले की कडवटपणा येतो, आणि हा कडवटपणा कितीही मीठ-मिरची घातली तरी झाकला जात नाही. रश्श्याला दाटपणा यावा म्हणून काही घरांत भाजलेल्या ज्वारीचे पीठ लावतात, काही ठिकाणी खसखस-खोबऱ्याच्या वाटणावरच भागवतात. पूर्वी स्वयंपाक जवसाच्या तेलात होत असे. जवस हे विदर्भातले रब्बीचे पीक आहे, पण त्याचे तेल फार दिवस टिकत नाही, लवकर खवट होते, त्यामुळे आता बहुतेक खानावळी शेंगदाण्याचे, सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे तेल वापरतात. एखाद्या ठिकाणी जवसाचे तेल वापरतात असे कळले तर ती खानावळ यादीत अवश्य घ्यावी, कारण त्या तेलाचा किंचित उग्र, दाणेदार स्वाद इतर तेलांना येत नाही.

मिरचीच्या बाबतीत भिवापुरी हे नाव लक्षात ठेवावे. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर तालुक्याची ही मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि तिचा रंग व झणका दोन्ही चांगले असतात. मात्र सावजीचा तिखटपणा एकट्या मिरचीचा नसतो. मिरचीचा चटका जिभेवर आणि ओठांवर लगेच जाणवतो, काळी मिरी घशाशी लागते, आणि लवंग जास्त झाली असेल तर जीभ थोडी बधिर झाल्यासारखी वाटते. दातदुखीवर लवंगेचे तेल लावतात ते याच गुणामुळे. या तीन जागा ओळखता आल्या की कोणत्या घराने तिखटपणा कशातून आणला हे पहिल्या काही घासांतच सांगता येते.

दिवस कोणता निवडावा

हवामान पाहिले तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश हे येथे कोणाला नवल वाटत नाही. अशा उन्हात वस्तीतून पायी फिरून वर सावजी खाणे म्हणजे हौसेने आजारपण ओढवून घेणे होय. पावसाळ्यात फेरी करता येते, पण मध्ये श्रावण येतो, बरीच घरे मांसाहार टाळतात आणि खानावळींचा रोजचा रेटा कमी होतो. नवरात्रातही तेच होते.

आठवड्यातील वारांचा विचार अधिक महत्त्वाचा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. त्या दिवशी माल ताजा असतो आणि पातेली लवकर रिकामी होत असल्याने शिळ्याचा प्रश्न येत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी-एकादशीला गिऱ्हाईक कमी असते. रविवारी मात्र दुपारी बसायला जागा मिळत नाही, मागे लोक ताटकळत उभे असतात आणि शांतपणे चव घेण्याची सोय राहत नाही. म्हणून सुटी काढणे शक्य असेल तर बुधवार निवडावा. इतवारीत मसाल्याची खरेदी करायची असेल तर कामाचा दिवस त्या दृष्टीनेही सोयीचा पडतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही फेरी ठेवावी की नाही, असे अनेकजण विचारतात. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत तसेच बडगे या पुतळ्यांची मिरवणूक इतवारीच्या रस्त्यांवरून निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. श्रावण आदल्या दिवशी संपलेला असल्याने घरोघरी आणि खानावळींतही मटणाची झुंबड असते. मिरवणूक पाहण्यासाठी जरूर जावे. चव तपासण्यासाठी तो दिवस निरुपयोगी आहे.

मंडळी, पैसे आणि बरोबर काय घ्यावे

चारजण हा योग्य आकडा. एका ठिकाणी दोन प्लेटी चौघांत वाटून घेता येतात, कोणी एकटा तिन्ही ठिकाणी पूर्ण जेवला असे होत नाही, आणि एका ई-रिक्षात सगळे मावतात. सहाच्या वर माणसे नेली की छोट्या खानावळीत दोन बाके अडवून बसावे लागते, आणि दुपारच्या वेळी घाईत जेवायला येणाऱ्या कामगारांची त्यात गैरसोय होते. लहान मुलांना या फेरीत आणू नये. आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याधीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता येऊ नये, आणि आलेच तर रश्श्याऐवजी फोडी व भाकरीवर राहावे.

बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरून पैसे घेतात, तरी सुटे पैसे जवळ ठेवावेत. पाण्याची बाटली, हातरुमाल, एक छोटी वही आणि पेन, एवढे सामान पुरते. पांढरे कपडे घालू नयेत. तर्रीचा, म्हणजे रश्श्यावर तरंगणाऱ्या तेलाचा, डाग निघत नाही. बरोबर दारूची बाटली आणण्याचा मोह काही मंडळींना होतो. परवाना नसलेल्या खानावळीत दारू पिणे बेकायदा आहेच, शिवाय दारूने जीभ सैल पडते आणि तिसऱ्या ठिकाणच्या चवीचे काहीच आठवत नाही.

पोहोचणे आणि सकाळची सुरुवात

गाडी घरी ठेवावी, कारण टिमकी आणि इतवारीच्या बोळांत चारचाकी लावायला जागा नसते. मेट्रोची अॅक्वा मार्गिका ११ डिसेंबर २०२२ पासून लोकमान्य नगर ते प्रजापती नगर अशी पूर्ण चालू झाली आणि पूर्व नागपुरात जाणे सोपे झाले. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी तीच गाडी धरावी. खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकाकडून येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलावी. अग्रसेन चौक स्थानकावर उतरले की सेंट्रल अव्हेन्यूच्या उत्तरेला गोळीबार चौक आणि टिमकीचा भाग लागतो, तर दक्षिणेला महाल आणि पूर्वेकडे इतवारीची बाजारपेठ. चौकापासून ई-रिक्षा मिळतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच स्थानकावर पाहून ठेवावी.

सकाळी नऊच्या सुमारास पोहोचावे. नागपूरची सकाळ तर्री पोह्यांनी होते, आणि त्या ठेल्यांवरची गर्दी अकरापर्यंत ओसरते. या फेरीत तर्री पोह्यांना जागा द्यावी, पण दोघांत एक प्लेट एवढीच. त्यामागे खाण्याच्या हौसेपेक्षा वेगळा हेतू आहे. काळ्या चण्यांच्या रश्श्यावर तरंगणारी तर्री म्हणजे मसाल्याचा रंग, वास आणि तिखटपणा घेऊन वर आलेले तेलच, आणि दिवसभर जे तपासायचे आहे त्याची ओळख जिभेला येथेच होते. चमच्याने वरची तर्री आणि खालचा रस्सा निरनिराळा चाखून पाहावा, म्हणजे दोहोंतला फरक ध्यानात येतो.

नंतरचे दोन तास वस्तीसाठी राखावेत. टिमकी, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत हातमाग आता मोजकेच उरले आहेत, तरी एखाद्या घरातून मागाचा ठेका ऐकू येतो. खड्डामागावर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबतो, एका हाताने दोरी ओढताच आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून पलीकडे जातो, आणि लगेच दुसऱ्या हाताने फणी ठोकून धागा बसवतो. घरातल्या बायका किंवा म्हातारी माणसे बाजूला बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत असतात. कोणाच्याही घरात डोकावण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर थांबून ‘काका, माग पाहू का जरा?’ असे विचारावे आणि फोटो काढण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी. कामात असलेल्या माणसाला मध्येच थांबवू नये. ताण्याचा एक धागा तुटला की जोडायला वेळ जातो. गणेशोत्सवापूर्वीचा महिना असेल तर दक्षिणेकडे चितार ओळीत जाऊन मूर्तिकारांचे काम पाहता येते, पण ते वेगळ्या दिवशी केलेले बरे.

पहिली खानावळ: साडेअकरा

खानावळ निवडताना पाटीवरचे ‘ओरिजिनल’ हे शब्द पाहू नयेत, कारण ते सगळ्यांच्याच पाटीवर असतात. त्याऐवजी दुपारी बारापूर्वी आत कोण बसले आहे ते पाहावे. आसपासचे दुकानदार, रिक्षावाले आणि यंत्रमागावरचे कामगार रोज जेथे जेवतात तेथे माल शिळा राहत नाही. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का, हात धुण्याची जागा स्वच्छ आहे का आणि पातेले आचेवर आहे का, या तीन गोष्टी आत शिरतानाच दिसतात. रस्सा कोमट असेल तर नम्रपणे उठून बाहेर पडावे.

चौघांनी मिळून दोन प्लेट मटण, चार भाकरी आणि एक भात मागवावा. भाकरी ज्वारीची घ्यावी. पोळीपेक्षा ती रस्सा अधिक शोषते आणि तिला स्वतःची गोडसर चव असल्याने तिखटपणा सावरला जातो. सगळ्यात आधी, लिंबू पिळण्यापूर्वी आणि कांदा तोंडात टाकण्यापूर्वी, नुसता रस्सा चाखावा. त्याचा क्रम असा ठेवावा:

१. वाटी हातात घेऊन वास घ्यावा. दगडफुलाचा धुरकट वास आधी येतो की लवंग-वेलचीचा, हे लिहून ठेवावे.

२. तर्री चमच्याने एका बाजूला सारून खालच्या रश्श्याचा रंग पाहावा. तपकिरी असेल तर खोबरे व्यवस्थित भाजलेले आहे. अगदी काळा असेल तर कडवटपणाची अपेक्षा ठेवावी. लालभडक असेल तर तिखटपूड वरून घातलेली असण्याची शक्यता अधिक.

३. अर्धा चमचा रस्सा तर्रीशिवाय घ्यावा, दहा-बारा सेकंद तोंडात धरावा आणि तिखटपणा जिभेच्या टोकाला, घशाला की सगळीकडे लागतो ते पाहावे.

४. मग तर्रीसह अर्धा चमचा घ्यावा.

५. त्यानंतरच भाकरी आणि मटण. फोड हाडापासून बोटाने सुटते का, आणि मसाला आतपर्यंत मुरला आहे की नुसता वरून चिकटला आहे, हे तोडल्यावर कळते.

याला जेमतेम पाच मिनिटे लागतात. शेवटचा घास गिळल्यावर आणखी पाच मिनिटे थांबून तोंडात काय उरते ते पाहावे, कारण खरा फरक येथे सापडतो. चांगल्या भाजलेल्या मसाल्याचा स्वाद तिखटपणा उतरल्यावरही रेंगाळतो. घाईने केलेल्या मसाल्यात जळजळ तेवढी मागे राहते. माझ्या मते सावजी खानावळीची पारख पहिल्या घासावर करूच नये, कारण पहिला घास सगळीकडे झणझणीतच लागतो.

बहुतेक ठिकाणी रस्सा मागितला की आणखी वाढतात. ‘भाऊ, थोडा रस्सा द्या, तर्री कमी’ एवढे म्हटले तरी वाढणारा समजून घेतो. गल्ल्यावर घरच्या काकू बसल्या असतील आणि गर्दी नसेल तर मसाल्याबद्दल विचारायला हरकत नाही. प्रमाण कोणी सांगणार नाही, पण खोबरे निखाऱ्यावर भाजता की तव्यावर, मसाला चक्कीवर दळून आणता की घरी वाटता, असे विचारले तर उत्तर आनंदाने मिळते आणि कधी स्वयंपाकघरातले पातेलेही पाहायला मिळते.

दुसरी खानावळ: एक वाजता

पहिल्या ठिकाणाहून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असलेली दुसरी खानावळ निवडावी. मध्ये चालणे झाले की जिभेवरचा थर उतरतो. येथे प्लेट एकच घ्यावी, क्रम तोच ठेवावा आणि वहीतल्या पहिल्या नोंदी न वाचता नव्या नोंदी लिहाव्यात. आधीचे वाचले की जीभ त्याच्याशी ताडून पाहू लागते. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचण्याचे काम नंतर, झाडाखाली बसून करायचे आहे.

मटणाची तुलना झाल्यावर, पोटात जागा असेल तरच, दुसऱ्या ठिकाणी एखादा वेगळा पदार्थ मागवावा. सुंदरी, म्हणजे बकऱ्याची आतडी, आणि मुंडी हे पदार्थ नवख्याला एकदम झेपत नाहीत, पण खिमा किंवा कलेजी चालते. खूर खायचे असेल तर दुपारीच खावे, कारण ते कित्येक तास मंद आचेवर शिजवावे लागते, थोडेच केले जाते आणि रात्रीपर्यंत बहुधा संपते.

तिखट लागल्यावर

पाणी प्यायल्याने आग शमत नाही, उलट तोंडभर पसरते. मिरचीतला दाह करणारा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणूनच तो तर्रीत साठलेला असतो आणि तर्री बाजूला केली की रस्सा लक्षणीय सौम्य होतो. दूध, दही किंवा मठ्ठा यांतील स्निग्धांश आणि प्रथिने हा घटक जिभेवरून उचलून नेतात. खानावळीत मठ्ठा मिळाला तर उत्तम, नाहीतर कोरडा भात किंवा भाकरीचा तुकडा चावत राहावा. लिंबाने तोंडाला तात्पुरता उतार वाटतो, पण रश्श्याची चव बदलते, म्हणून ते तपासणी संपल्यावर पिळावे. डोळ्यांना हात लावू नये. साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांवर तर्रीचा अंश राहतो, आणि डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्माच लावलेला बरा.

दुपारची विश्रांती आणि इतवारी

दोन ते साडेसहा हा वेळ रिकामा ठेवणे ही या आखणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि हौशी मंडळी नेमकी तीच गाळतात. दोन सावजी जेवणांनंतर लगेच तिसरे घेतले तर त्यात चव कळण्यासारखे काही उरत नाही. महालाच्या बाजूने गांधी गेटमार्गे गांधीसागर तलावापर्यंत रिक्षाने जाऊन काठावर बसावे. उकाडा असेल तर शेजारीच १९९२ मध्ये सुरू झालेले रामन विज्ञान केंद्र आहे, तेथे दीड-दोन तास सहज जातात.

चारच्या सुमारास इतवारीत यावे आणि मसाल्याचा बाजार पाहावा. तयार सावजी मसाला पाकिटातून घेण्यापेक्षा अख्खे जिन्नस घ्यावेत. दगडफूल घेताना ते काळपट-राखाडी आणि कोरडे असावे, हाताला ओलसर लागू नये, आणि त्यात सालीचे तुकडे किंवा माती जास्त नसावी. खसखस नाकाशी धरून पाहावी. खवट वास लगेच कळतो. सुके खोबरे मोडून पाहावे, आतून पिवळे पडलेले असेल तर घेऊ नये. मिरची भिवापुरी म्हणून दाखवली तरी देठ, रंग आणि सुरकुती पाहून घ्यावी, आणि खात्री नसेल तर थोडीच घ्यावी. ठोक दुकानदार पावभर मालासाठी नाक मुरडतो, त्यामुळे किरकोळ विक्री करणारे दुकान शोधणे सोपे.

याच भागात कोठे मटक्यावर लंबी रोटी करताना दिसली तर थांबून पाहावे. उलट्या ठेवलेल्या मडक्याखाली जाळ असतो. बाई पातळ, सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत हातभर लांबवते आणि एका झटक्यात मडक्यावर पसरते. क्षणभरात ती रुमालासारखी सुटते. रात्रीच्या जेवणासाठी दोन-तीन बांधून घ्याव्यात, रश्श्यात बुडवून खायला त्या भाकरीहून निराळ्या लागतात.

शाकाहारी सोबत्यांसाठी

पाटोडी रस्सा आणि डाळकांदा हे दोन पदार्थ बहुतेक सावजी खानावळींत होतात, आणि तुलनेचा नियम त्यांनाही तसाच लागू करता येतो. पाटोडी रस्सा निवडावा. बेसनाची शिजवून थापलेली वडी स्वतः फार चव आणत नाही, त्यामुळे मसाला उघडा पडतो आणि त्यात मटणाचा अंश नसल्याने भाजण्यातील दोष लपत नाहीत. एखाद्या घराचा हात खरोखर कसा आहे हे मटणापेक्षा पाटोडीत लवकर कळते, असे मला वाटते, आणि मांसाहार करणाऱ्यांनीही एक वाटी मागवून पाहावी. मात्र पातेली, पळ्या आणि तेल वेगळे असतात का, हे आधी स्पष्ट विचारावे. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी केवळ शाकाहारी पदार्थ करणारे ठिकाण शोधावे.

तिसरी खानावळ: साडेसात

संध्याकाळची खानावळ दुपारच्या दोन्हींहून वेगळ्या वस्तीतली असावी. दुपारी गोळीबार चौक आणि टिमकी झाले असेल तर रात्री तांडापेठ किंवा पाचपावली घ्यावी. संध्याकाळचा स्वयंपाक पुष्कळदा पुन्हा नव्याने होतो, काही ठिकाणी मात्र दुपारच्याच पातेल्यात भर घातली जाते. दुसऱ्या प्रकारात रस्सा अधिक मुरलेला आणि दाट लागतो, आणि तो अधिक चांगला वाटण्याचा धोका असतो. म्हणून वाढणाऱ्याला सहज विचारून घ्यावे आणि वहीत तशी नोंद करावी, नाहीतर दुपारच्या दोन खानावळींवर अन्याय होतो.

येथेही आधी साधे मटण, तोच क्रम. त्यानंतर मात्र नियम सैल करावा आणि चौघांनी मिळून हवे ते मागवावे. जेवण होताच तिन्ही पाने समोर ठेवून प्रत्येकाने आपला क्रम सांगावा. चौघांचे एकमत बहुधा होत नाही, आणि वाद मिटवण्याची घाई करू नये. कोणाला दगडफूल आवडते, कोणाला मिरीचा घशाशी लागणारा तिखटपणा, हेच त्या वादातून बाहेर येते. पुढच्या वेळी कोणाला कोणत्या खानावळीत न्यायचे, हे त्यावरून ठरवता येते.

रस्सा बांधून घ्यायचा असेल तर तो रात्रीच घरी नेऊन, गार होताच काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात शीतकपाटात ठेवावा. प्लास्टिकच्या डब्याला तर्रीचा रंग आणि वास कायमचा लागतो. दुसऱ्या दिवशी थोडे गरम पाणी घालून मंद आचेवर उकळी येईपर्यंत तापवावा. मोठ्या आचेवर तळाला खोबऱ्याचे वाटण लागते. तर्री वर गोठून आलेली दिसेल. तिखट सोसवत नसेल तर गरम करण्यापूर्वीच ती चमच्याने उचलून वेगळी ठेवावी, आणि सकाळच्या पोह्यांवर घालावी.